पाचवी कमान

आमच्या क्लबात पुस्तकांची पाच कपाटं आहेत आणि पाचही कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. छोट्या आगगाड्या करणाऱ्यांचा क्लब म्हटला की लोकांना वाटतं, म्हातारे पोरखेळ करत बसतात. बसतात ना. पण पोरखेळालाही नियम असतात, आणि इथला पहिला नियम असा की आधी माप निवडायचं. खरी गाडी किती पटीने लहान करायची हे एकदा ठरलं की माणूस त्या मापाशी लग्न लावून बसतो. रूळ त्या मापाचे, डबे त्या मापाचे, झाडं, माणसं, कुत्री, सगळी त्या मापाची. आणि वाचनही त्याच मापाचं. हे शेवटचं कुणी कबूल करत नाही, पण कपाटं माझ्या ताब्यात आहेत, मला दिसतं.

एकास सत्त्याऐंशीवाले सगळ्यात जास्त. म्हणजे खऱ्या सत्त्याऐंशी फुटांचा यांच्याकडे एक फूट. साडेतीन कपाटं त्यांनीच अडवली आहेत. त्यांच्यासाठी बाजारात सगळं तयार मिळतं, त्यामुळे त्यांची मासिकं निम्मी जाहिरातींनी भरलेली. ती मंडळी वाचत नाहीत, खरेदीच्या याद्या करतात. एकास एकशे साठवाल्यांचा डबा करंगळीएवढा, त्यावर बारकावे दिसणार कुठून? म्हणून ते डोंगर, दऱ्या, शंभर वळणांचे मार्ग वाचतात आणि टेबलाखालच्या वायरींत आयुष्य काढतात. उरलेल्या अर्ध्या कपाटात एकास त्रेचाळीसवाले. त्यांची तऱ्हाच न्यारी. एका ब्रेकच्या दांडीवर अकरा पानांचा लेख वाचून ते तृप्त होतात आणि तीन वर्षांत एक डबा पुरा करतात.

एकास चौसष्ट या मापाचं माझ्याकडे होतं फक्त एक बुटांचं खोकं. तेही कपाटाच्या डोक्यावर, धुळीत. आत एक पातळ पुस्तिका, बंद पडलेल्या एका पत्रकाचे सात अंक आणि कुणा अनोळखी माणसाने क्लबाला लिहिलेलं एक पत्र. "या मापात तुमच्याकडे आणखी कुणी आहे का?" एवढंच त्यात विचारलेलं. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी ते खोकं मागणारा माणूस आला तेव्हा मला आधी शिडी शोधावी लागली. साठीला टेकलेला, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मी विचारलं, "आधी काय करत होता?"

"रेल्वेत होतो."

"गाडीवर?"

"काही वर्षं केबिनमध्ये. सांधे बदलायचे, सिग्नल द्यायचे. मग मालाच्या ऑफिसात काम मागून घेतलं."

खोकं घेऊन तो खिडकीशी बसला आणि दोन तासांत ते संपलं. त्या मापात वाचायला एवढंच होतं. परत करताना त्याने त्या जुन्या पत्राखाली पेन्सिलने "आहे" असं लिहून ठेवलेलं मी नंतर पाहिलं.

"अहो, सत्त्याऐंशी घ्या," मी त्याला समजावलं. "साडेतीन कपाटं आहेत. या मापात तुम्हाला एक खिळासुद्धा विकत मिळायचा नाही. कशाला नसती उठाठेव?"

"माझी खोली बारा फुटांची आहे, ताई. मला करायचंय ते सातशे वीस फुटांचं. त्रेचाळीसात ते भिंतीबाहेर जातं. सत्त्याऐंशीत फार लहान होतं, डोळा आत जात नाही. चौसष्टात सव्वा अकरा फूट. बरोबर बसतं."

माप निवडायची खूप कारणं मी ऐकली आहेत. कुणाला जागा नसते, कुणाची बायको ओरडते, कुणाला शेजाऱ्यापेक्षा मोठं इंजीन हवं असतं. डोळा आत जात नाही, असं कारण कधी ऐकलं नव्हतं. पण मी तेव्हा शिडी जागेवर ठेवण्याच्या गडबडीत होते.

आमच्या अध्यक्षांना कुणाचंही नाव वाकडं केल्याशिवाय जेवण पचत नाही. चौसष्ट कलांचा धनी आला, असं ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले आणि त्याचे 'चौसष्टे' झाले. तो हसायचा. त्याने कुणाच्या घरी जाऊन कुणाची गाडी बघितली नाही, आणि आपली दाखवायला कुणाला बोलावलं नाही. "गाडी कधी चालवणार, चौसष्टे?" म्हटलं की "बघू" म्हणायचा.

पण वाचावं ते चौसष्टेंनी. स्वतःच्या मापाचं काही नाही म्हटल्यावर माणसाला सगळंच वाचावं लागतं. पाचही कपाटं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस क्लबात तो एकटा. खिशात छोटा कॅल्क्युलेटर. सत्त्याऐंशीचा नकाशा सापडला की तो घेऊन खालच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचा आणि एकशे छत्तीस टक्के मोठा करून आणायचा, की झालं चौसष्ट. त्रेचाळीसचा असेल तर सदुसष्ट टक्के. पुढे पुढे झेरॉक्सवाली त्याला जिन्यावरून उतरताना बघूनच मशीन एकशे छत्तीसवर लावून ठेवायची.

मी स्वतः तीस वर्षं एका इंजिनिअरांच्या ऑफिसात नकाशे काढले. क्लबाच्या त्रैमासिकात येणारे नकाशेही पूर्वी मीच काढायची. त्यामुळे चांगला वाचक मला कळतो. चौसष्टेंबद्दल मला माया वाटायला लागली होती, पण मी ती दाखवली नाही. पुस्तकं वेळेवर आणली नाहीत तर मी त्यांनाही इतरांसारखीच झापायची.

गेल्या वर्षी ते अचानक यायचे थांबले. एक महिना, दोन महिने, तीन महिने. त्यांच्याकडे त्रैमासिकाचा बांधलेला एक खंड होता, सत्त्याऐंशीच्या तिसऱ्या कपाटातला. असले खंड परत मिळत नाहीत. एका बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास मी पत्ता शोधत त्यांच्या घरी गेले. मनात ओरडायची सगळी तयारी करून गेले होते.

दार वहिनींनी उघडलं. बुटक्या, ठसठशीत, हातात भाजीची पिशवी, निघायच्या बेतात. "क्लबातल्या ताई का? बरं झालं आलात. तीन महिने झाले, धड जेवत नाहीत. त्या खोलीतून बाहेर येत नाहीत. विचारलं तर काही नाही म्हणतात. तुम्ही बघा काही बोलतात का."

"तुम्ही आत जाऊन विचारत नाही?"

"मी त्या खोलीत जात नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी मला चहा करून दिला, चौसष्टेंचाही कप उंबऱ्याबाहेरूनच माझ्या हाती दिला आणि बाजाराला गेल्या.

खोली बारा फूट लांब. कमरेएवढ्या उंचीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत फळी, आणि फळीवर एक यार्ड. छोट्या गाड्यांच्या मांडण्या मी आयुष्यात शेकडो बघितल्या आहेत. बोगदे, पूल, हिरवीगार झाडं, फिरणाऱ्या गाड्या. इथे हिरवं काही नव्हतं. राखेच्या रंगाची खडी, गंजाचे डाग, वाळलेलं गवत, सात लाइनी आणि मालगाडीचे एक्केचाळीस डबे. एका टोकाला दुमजली केबिन. मध्ये डाव्या हाताला विटांच्या बंद कमानींच्या ओट्यावर पाण्याची लोखंडी टाकी. कोपऱ्यात एक दिवा अशा कोनात लावलेला की सगळ्या सावल्या एकाच बाजूला लांब पडत होत्या. मी सवयीने एका डब्याला बोट लावलं. हलेना. चाकं रुळाला चिकटवलेली होती. खाली वाकून बघितलं तर एकही वायर नाही. त्या यार्डात गाडी चालवायची सोयच नव्हती.

"सकाळचे सव्वाआठ," चौसष्टे म्हणाले. ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. "डबे होते तिथेच आहेत."

मी खंडाबद्दल ओरडायचं विसरले.

मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनींचा धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा मेव्हणा, त्याच यार्डात डबे जोडायच्या कामावर होता. चौसष्टेंनीच त्याला चिकटवला होता. त्या सकाळी तो शेवटच्या लाइनीवर दोन डब्यांच्या मध्ये वाकून साखळी अडकवत होता. इकडे इंजीन डबे मागे ढकलायला तयार. सिग्नल द्यायच्या आधी केबिनवाल्याने खिडकीशी जाऊन शेवटच्या लाइनीपर्यंत नजर टाकायची, असा नियम. चौसष्टे मेजावर बसून आधीच्या गाडीची वेळ रजिस्टरात लिहीत होते. लिहिता लिहिता उठले, खिडकीकडे न बघता दांडा ओढला.

"चौकशी झाली," ते म्हणाले. "साहेबांनी लिहिलं, टाकीचा आडोसा असल्यामुळे केबिनमधून मयत दिसणं शक्य नव्हतं. मी निर्दोष. पण ताई, साहेब वर चढलेच नव्हते. त्यांचे गुडघे दुखत होते. सत्तावीस पायऱ्या. त्यांनी खालूनच बघितलं आणि माझी दया आली म्हणून लिहून टाकलं."

"मग तुम्ही स्वतः चढून बघायचं होतंत."

"पाय उचलला नाही. मालाच्या ऑफिसात बदली घेतली, गाव बदललं. तेरा वर्षांनी हिंमत केली आणि गेलो, तर यार्डच राहिलं नव्हतं. उखडून नेलेलं सगळं. केबिन नाही, टाकी नाही."

तेव्हा मला डोळा आत जाण्याचा अर्थ कळला. या माणसाला गाड्या करायच्याच नव्हत्या. त्याला एकदा त्या खिडकीतून बघायचं होतं. बघितलं असतं तर मेव्हणा दिसला असता का, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी त्याने नऊ वर्षं पाच कपाटं उपसली होती.

"कागदावर रेघ ओढून कळलं असतं की," माझ्यातली नकाशेवाली बोलली.

"ओढली ना. पन्नास वेळा ओढली. टाकीच्या टोकाला पेन्सिलची रेघ कधी आत जाते, कधी बाहेर. त्या कागदावर पेन्सिलीची जाडीच फूटभर होते."

ते उठले. टाकीच्या पलीकडे, शेवटच्या लाइनीवर, दोन डब्यांच्या मध्ये एक माणूस होता. मेण आणि तार वापरून केलेला, इंचभर, वाकलेला, एक खांदा पडलेला. "आधी दुकानातून सत्त्याऐंशीचा माणूस आणून ठेवला होता," ते म्हणाले. "पण तो लहान. इथून बघितलं की वाटायचं, तो आणखी लांब गेलाय. म्हणून हा केला."

मग त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा आरसा घेतला, केबिनच्या खिडकीत धरला आणि मला बघायला सांगितलं. मी वाकले. आरशात लाइनी लांबवर गेल्या होत्या, टाकीची करडी भिंत होती, आणि भिंतीच्या टोकाला लागून, स्पष्ट, एक वाकलेली पाठ.

"दिसतो," ते म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी टाकी पुरी झाली तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दिसतो, ताई. मान वर करून बघितलं असतं तरी पुरलं असतं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि तो ऐकून मला रडू आलं.

"हिला अजून वाटतंय, चौकशीत लिहिलं तेच खरं. एकतीस वर्षं माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसलीये. रविवारी सांगणार आहे तिला. मग ती म्हणेल तसं."

मी भिंतीकडे बघितलं. तिथे त्यांनी सगळे नकाशे टाचून ठेवले होते. टाकीचा नकाशाही होता, एकशे छत्तीस टक्के. त्यातल्या आकड्यांवर माझी नजर गेली. इंग्रजी सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची सवय मला पहिल्या नोकरीपासूनची. त्या नकाशातल्या प्रत्येक सातच्या पोटात रेघ होती.

"हा कुठे मिळाला?" मी विचारलं.

"तुमच्या तिसऱ्या कपाटात! देवासारखा सापडला. केबिनचं मला सगळं तोंडपाठ होतं, रुळांचा कागद होता, फक्त टाकीचं माप मिळत नव्हतं. आणि ही तर हीच टाकी, ताई, त्याच यार्डातली! पाडायच्या आधी कुणीतरी पुण्यवान माणूस जाऊन मोजून आलेला."

तो पुण्यवान माणूस त्यांच्यासमोर गार झालेला चहा घेऊन उभा होता.

इथे मला आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. सत्त्याऐंशीवाल्यांना मोठमोठ्या इमारती हव्या असतात, पण जागा नसते. म्हणून इमारत आखडायची. सात खिडक्या असतील तर पाच काढायच्या, लांबी थोडी खायची, डोळ्याला फरक कळू द्यायचा नाही. याला आम्ही 'आवळणं' म्हणतो. सत्त्याऐंशीचे नकाशे आवळलेले असतात हे सत्त्याऐंशीच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. खाली 'आवळलेला' असं लिहायचा रिवाज आहे. पण कधी पानावर जागा नसते, कधी कंटाळा येतो. त्या नकाशाखाली मी ते लिहिलं नव्हतं. म्हटलं, वाचणारे आपलेच आहेत, समजून घेतील. दुसऱ्या मापाचा कुणी माणूस हाच कागद एकशे छत्तीस टक्क्यांनी मोठा करून त्यावर आपला जीव टांगेल, हे मला सुचलं नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी आयुष्यात इतक्या इमारती आवळल्या होत्या की या टाकीतून काय खाल्लं होतं, काही खाल्लं होतं की नाही, हेच मला आठवेना. खोटी आशा दाखवायची आणि मग ती काढून घ्यायची, हे मला जमलं नसतं. "रविवारपर्यंत वहिनींना काही बोलू नका," एवढं म्हटलं आणि निघाले. खंड तिथेच राहिला.

घरी जाऊन माळ्यावरच्या जुन्या वह्या खाली काढल्या. अठरा वर्षांपूर्वीची वही दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, पाण्याने फुगलेली. पान उघडलं. माझ्याच हाताने लिहिलेलं होतं: ओट्याला कमानी पाच, प्रत्येक आठ फूट, एकूण चाळीस. छापलेल्या नकाशात कमानी चार होत्या. पान भरत होतं म्हणून मी एक कमान गाळली होती.

आठ फूट म्हणजे त्यांच्या मापात दीड इंच. भिंतीवरच्या कागदांत बघितल्याप्रमाणे त्यांनी टाकीचं रस्त्याकडचं टोक इंजिनात पाणी भरायच्या नळाच्या खांबापासून मोजून बसवलं होतं, ते बरोबर होतं. कमी पडलं होतं ते दुसरं टोक, ज्याच्या शेजारी ती पाठ दिसत होती.

मला आधी आनंद झाला, मग स्वतःची इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. तीन महिने एक माणूस स्वतःला खुनी समजत बसला होता, आणि त्याला ते पटवून दिलं होतं माझ्या पेन्सिलीने. शुक्रवारी मी पुठ्ठा आणला, पत्रा आणला, विटा कोरल्या. उभ्या आयुष्यात चौसष्टच्या मापात मी काही केलं नव्हतं. दीड इंच रुंद, पाच इंच उंच, ओटा आणि वरची टाकी मिळून एक कमान. क्लबात जाऊन ते बुटांचं खोकं रिकामं केलं आणि त्यात ती ठेवली. शनिवारी सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले.

या वेळी वहिनी घरीच होत्या. मी खोलीत गेले, त्या उंबऱ्याशी थांबल्या. मी चौसष्टेंच्या हातात वही दिली आणि सगळं सांगून टाकलं. सातच्या पोटातली रेघसुद्धा दाखवली. ते एकदा वहीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. रागावतील म्हणून मी खाली मान घातली होती. ते रागावले नाहीत. त्यांनी खोक्यातली कमान उचलली आणि टाकीच्या टोकाला लावली. विटांच्या ओळी जुळल्या. मग आरसा उचलला, पण तो खिडकीत जाईना, चौकटीलाच लागत राहिला. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं.

ते किती वेळ बघत होते, मला सांगता येणार नाही. मग आरसा खाली ठेवून स्टुलावर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. "नाही दिसत," म्हणाले. "बघितलं असतं तरी नसता दिसला."

"ते मला माहीत आहे," वहिनी उंबऱ्यातून म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून बघितलं.

"काय माहीत आहे?" चौसष्टेंनी विचारलं.

"तिथून दिसत नाही ते. मी बघून आलेय." त्या अजून बाहेरच उभ्या होत्या. "तो गेला त्याच्या चौथ्या दिवशी. तुम्ही तापाने फणफणला होतात. मी यार्डात गेले. माझी लाल शाल होती ना, ती चौकशीसाठी थांबवून ठेवलेल्या त्या डब्याच्या दांडीला बांधली, तो होता तिथेच, त्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर. मग वर चढले. तुमच्या जागी बदली आलेला माणूस होता, त्याने अडवलं नाही. खिडकीत उभी राहिले, वाकून बघितलं, टाचा उंच करून बघितलं. शाल कुठेच दिसली नाही. खाली आले, शाल सोडली आणि घरी आले."

"आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं होतं? दिसली असती शाल, तर मी त्याच दिवशी घर सोडून गेले असते. नाही दिसली, म्हणून राहिले. विषय संपला. तुमच्यापुढे त्याचं नाव काढून तुम्हाला कशाला रडवू, म्हणून गप्प बसले. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

पाच कपाटं, नऊ वर्षं, हजारभर झेरॉक्स. आणि उत्तर शेजारच्या ताटावर बसून रोज दोन घास खात होतं. मी हसले असते, पण वहिनींच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलत होतं. त्या पहिल्यांदाच खोलीत नीट बघत होत्या. डबे, सावल्या, केबिन, आरसा.

"पण हे सगळं," त्या हळूच म्हणाल्या, "दिसतं की नाही ते कळायला केलंत? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

चौसष्टे स्टुलावरून उठले.

"तुम्ही खिडकीत होतात ना? बघितलंत आणि दिसला नाही. मी तेच धरून चालले आजवर."

माझ्या मनात आलं, हो म्हणून टाका. देवाशपथ, हो म्हणा आणि मिटवा. एका कमानीच्या खोटेपणाने एवढं झालं होतं, तरी मला तेच वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "मेजावर होतो. वेळ लिहीत होतो. खिडकीकडे पाठ होती माझी."

वहिनी आत आल्या. ते यार्ड झाल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा. फळीच्या कडेकडेने टाकीमागे गेल्या, वाकल्या आणि त्या इंचभर माणसाकडे बघत राहिल्या. त्याच्या पडलेल्या खांद्याला त्यांनी बोट लावलं. मग सरळ झाल्या.

"दिसला नसता हे खरं," म्हणाल्या. "पण तुम्ही बघितलं नाहीत."

आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरात गेल्या, भांड्यांचा आवाज यायला लागला. मला निरोप कुणी दिला नाही, मी आपली निघाले.

त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली. अध्यक्ष म्हणाले, अठरा वर्षांपूर्वीच्या नकाशाची दुरुस्ती कोण वाचणार? मी म्हटलं, तुमचे सत्त्याऐंशीवाले नाही वाचणार, पण कपाटाच्या डोक्यावरचा कुणी असेल तर वाचेल. तेव्हापासून कपाटांतला एकेक जुना नकाशा काढून आवळलेल्या प्रत्येकावर लाल शाईने तसं लिहीत बसते. आतापर्यंत दीड कपाट झालंय.

महिन्याभराने चौसष्टे क्लबात आले. खंड परत आणला होता. घरचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "केबिनमधल्या मेजाचं माप कुठे मिळेल का, ताई? मेज आणि खुर्ची. मला आठवतं ते खरं की खोटं, आता खात्री वाटत नाही."

त्रेचाळीसच्या अर्ध्या कपाटात मिळालं. त्या लोकांनी मेजाच्या कप्प्यांच्या मुठींवरही चार पानं लिहिली होती. खाली 'आवळलेला' असं काही नव्हतं. तरी मी दोन फोटोंवरून ताडून बघितलं आणि मगच दिलं. ते झेरॉक्सला गेले. सदुसष्ट टक्के.

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. खोलीचं दार आता उघडंच असतं. वहिनी हातात मऊ ब्रश घेऊन फळीशी उभ्या होत्या, रोज सकाळी झटकतात म्हणे. डबे झटकले, टाकी झटकली, पाचही कमानी. टाकीमागच्या माणसाची पाठ, खांदा, टोपी, अगदी हळू. मी केबिनमध्ये डोकावले. आत मेज होतं, आणि मेजावर वाकून लिहिणारा, खिडकीकडे पाठ केलेला, इंचभर माणूस. त्याच्या डोक्यावर, खांद्यावर आणि समोरच्या रजिस्टरावर धूळ साचली होती.

वहिनी झटकत झटकत केबिनपर्यंत आल्या. छप्पर झटकलं, सत्तावीस पायऱ्या झटकल्या. मग ब्रश खाली ठेवला आणि चहा टाकायला गेल्या.

मी चौसष्टेंकडे बघितलं.

"रोज एवढंच," ते म्हणाले. "पण हल्ली इथपर्यंत येते."